चांदबिबी : दख्खनच्या सत्तास्पर्धेतील एक जीवन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• बहमनी राज्याच्या विघटनानंतर दख्खनमध्ये निर्माण झालेल्या सत्तास्पर्धेचे स्वरूप सांगता येईल.
• चांदबिबीच्या जीवनातील प्रमुख टप्पे क्रमाने मांडता येतील.
• मोठ्या शेजाऱ्यांच्या स्पर्धेचा वऱ्हाड, बिदर व खानदेश या लहान राज्यांवर झालेला परिणाम स्पष्ट करता येईल.
• ऐतिहासिक व्यक्तीच्या चरित्रातील वस्तुस्थिती आणि आख्यायिका यांतील भेद ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी वीरांगना म्हणून चांदबिबीचे नाव तुम्ही शालेय वयापासून ऐकत आला असाल. तटाला पडलेले खिंडार, त्यात तलवार घेऊन उभी राहिलेली राणी आणि एका रात्रीत पुन्हा उभारलेली भिंत हे चित्र मराठी वाचकाच्या मनात पक्के रुजले आहे. त्या चित्राला इतिहासाचा आधार आहे. परंतु तिच्या सुमारे पन्नास वर्षांच्या आयुष्यातील केवळ काही आठवड्यांचे ते चित्र आहे. उरलेल्या आयुष्याचा फार मोठा भाग तिने मोगलांशी लढण्यात नव्हे, तर दख्खनच्या शेजारी राज्यांमधील वैर निस्तरण्यात घालवला.

चांदबिबी ही अहमदनगरच्या निजामशाहीची कन्या आणि विजापूरच्या आदिलशाहीची राणी होती. ही दोन राज्ये एकमेकांची जुनी प्रतिस्पर्धी. त्यामुळे तिचे माहेर आणि सासर यांच्यामधली सीमा ही युद्धाची सीमा होती. प्रस्तुत घटकात तिचे चरित्र आपण एका प्रश्नाच्या अनुरोधाने अभ्यासणार आहोत. दोन तुल्यबळ शेजारी दीर्घकाळ एकमेकांशी स्पर्धा करीत राहिले, तर त्यांच्या आसपासच्या लहान राज्यांचे काय होते? आणि अखेरीस त्या स्पर्धकांचे स्वतःचे काय होते?

२. पार्श्वभूमी : पाच राज्ये आणि एक किल्ला

इ. स. १३४७ मध्ये स्थापन झालेले बहमनी राज्य पंधराव्या शतकाच्या अखेरीस दुबळे झाले. प्रांतांचे सुभेदार स्वतंत्र झाले आणि त्यातून पाच राज्ये निर्माण झाली : अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बिदरची बरीदशाही. यांपैकी पहिली तीन बलाढ्य होती. वऱ्हाड व बिदर ही त्या मानाने लहान. उत्तरेला तापीच्या खोऱ्यात फारुकी घराण्याचे खानदेश हे आणखी एक लहान राज्य होते. ते बहमनी राज्यातून फुटलेले नव्हते. परंतु माळवा, गुजरात आणि दख्खन यांच्यामध्ये असल्याने त्याला सतत कोणाचा तरी आश्रय शोधावा लागे.

निजामशाही आणि आदिलशाही यांच्या वैराचे मूळ धर्मात वा भाषेत नव्हते. दोन्ही दरबार फारसीत कारभार करीत, दोन्हींकडे मराठी देशमुख, पाटील व शिलेदार होते, दोन्हींकडे दख्खनी, हबशी व परदेशी सरदारांचे तट होते. वाद होता तो सरहद्दीवरील किल्ल्यांचा आणि त्यांभोवतीच्या परगण्यांचा. त्यांत सोलापूरचा किल्ला अग्रभागी होता. १५२४ मध्ये विजापूरची राजकन्या मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. विवाह पार पडला. किल्ला मात्र मिळाला नाही. या न दिलेल्या आंदणापायी दोन्ही राज्ये पुढे अनेक वर्षे लढली. मैत्रीसाठी जुळवलेला विवाहच वैराचे निमित्त ठरला, ही गोष्ट येथे लक्षात ठेवा. कारण पुढच्या पिढीत हाच किल्ला पुन्हा आंदणात दिला जाणार होता.

३. बालपण आणि विवाह

चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमारास झाला. हुसेन निजामशहा हा तिचा पिता आणि खुंजा हुमायून ही माता. ती लहान असताना अहमदनगरने अत्यंत कठीण दिवस पाहिले. विजापूरच्या अली आदिलशहाने विजयनगरच्या रामरायाची मदत घेतली, गोवळकोंडाही त्यांना मिळाला, आणि या संयुक्त फौजा निजामशाही मुलूख उद्ध्वस्त करीत राजधानीवर चालून आल्या.

या आक्रमणातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. वऱ्हाडचा सेनापती जहांगीरखान हुसेनच्या मदतीला आला होता आणि शत्रूची रसद तोडण्याचे काम त्याने चोख बजावले होते. तह करताना रामरायाने घातलेल्या अटींत कल्याणीचा किल्ला आदिलशहाला परत करावा ही जशी एक अट होती, तशीच या जहांगीरखानाला ठार करावे हीही एक अट होती. हुसेनने ती मान्य केली. मदतीला आलेल्या लहान शेजाऱ्याचा सेनापती मोठ्या शेजाऱ्याने तहाची किंमत म्हणून बळी दिला. पुढे विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची युती झाली, तेव्हा वऱ्हाड तीत सामील झाले नाही, यात नवल नाही.

ही युती घडवण्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात दुहेरी सोयरीक जुळली. चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला आणि अलीची बहीण चांदबिबीचा भाऊ मुर्तजा याला देण्यात आली. चांदबिबीबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत रामराय मारला गेला आणि विजयनगरचे सामर्थ्य ढासळले. त्याच वर्षी हुसेन निजामशहाचाही मृत्यू झाला.

विजापुरात चांदबिबीचे आयुष्य केवळ अंतःपुरापुरते मर्यादित राहिले नाही. ती घोड्यावर बसत असे, शिकारीला व मोहिमांवर पतीसोबत जात असे आणि दरबारी कामकाजातही लक्ष घालीत असे. फारसी व अरबीबरोबर तिला मराठी व कन्नड येत होती, असे परंपरा सांगते. दोन राज्यांच्या प्रजेच्या भाषा जाणणारी ही स्त्री दोन्ही दरबारांना आतून ओळखत होती.

४. समान शत्रू गेल्यानंतर

तालिकोटच्या विजयाने दख्खनमध्ये शांतता आली असेल, असे तुम्हांला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट घडले. समान शत्रू दुबळा होताच युतीचे प्रयोजन संपले. मात्र थेट लढाईच्या जोडीला आता एक नवी रीत आली : दोन प्रतिस्पर्ध्यांनी आपापसांत ठरवून लहान राज्यांची वाटणी करणे. आदिलशहाने दक्षिणेकडे कर्नाटकात विस्तार करावा, निजामशहाने वऱ्हाड व बिदर घ्यावे आणि परस्परांच्या वाटेत येऊ नये, असा समझोता मुर्तजा निजामशहा आणि अली आदिलशहा यांच्यात झाला. ज्यांची वाटणी व्हायची होती, त्यांना अर्थातच कोणी विचारले नाही.

वऱ्हाडात त्या वेळी अल्पवयीन इमादशहाला कैदेत ठेवून तुफालखान नावाचा मंत्री राज्य करीत होता. खऱ्या राजाची सुटका करण्याचे निमित्त करून मुर्तजाने स्वारी केली. १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकले गेले. परंतु सुटका झालेला राजा गादीवर बसला नाही. तुफालखान आणि इमादशहा दोघेही निजामशाहीच्या कैदेत मरण पावले. खानदेशच्या सुलतानाने इमादशाही पुन्हा उभी करण्याचा एक प्रयत्न केला, तेव्हा निजामशाही फौजा बुऱ्हाणपूरपर्यंत गेल्या आणि त्याला खंडणी भरून सुटका करून घ्यावी लागली.

त्यानंतर बिदरची पाळी आली. मुर्तजाने बिदरला वेढा घातला, तेव्हा अली बरीदने विजापूरकडे मदत मागितली. विजापूरची फौज गेली आणि बिदर वाचले. या मदतीचा मोबदला म्हणून अली आदिलशहाने बरीदशहाच्या पदरी असलेले दोन खोजे मागून घेतले. त्यांपैकी एकाने १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून केला. मदतीच्या मोबदल्यात माणसे मागणारा बलवान राजा त्या मोबदल्यापायीच प्राणास मुकला आणि वयाच्या तिशीत चांदबिबी विधवा झाली.

स्वयं-अध्ययन प्रश्न : समझोता वाटणीचा असला, तरी बिदरच्या वेढ्यात आदिलशहाने बिदरला मदत का केली असावी? चार-पाच ओळींत उत्तर लिहा. (सूचना : शेजारी फार मोठा झाला, तर आपले काय होईल, या भीतीचा विचार करा.)

५. विजापूरची पालक

अली आदिलशहाला अपत्य नव्हते. त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर आला आणि त्याच्या संगोपनाची जबाबदारी चांदबिबीवर पडली. कारभार मात्र एकामागून एक महत्त्वाकांक्षी सरदारांच्या हाती जाऊ लागला. किश्वरखान या कारभाऱ्याच्या जुलमाला तिने विरोध केला, तेव्हा त्याने तिला अपमानित करून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. विजापूरच्या प्रजेला आणि सैन्याला हे सहन झाले नाही. हबशी सरदार उठले, किश्वरखान पळाला आणि चांदबिबी सन्मानाने राजधानीत परतली.

घरातील फूट शेजाऱ्याला निमंत्रण देते. विजापुरात दख्खनी, हबशी व परदेशी सरदारांचे तट एकमेकांशी झगडत असताना अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला. येथे क्षणभर थांबून परिस्थिती पाहा. वेढा घालणारी एक फौज चांदबिबीच्या सख्ख्या भावाची होती. तटाच्या आत तिच्या पतीचे राज्य आणि तिने सांभाळलेले मूल होते. तिने माहेराची बाजू घेतली नाही. तटावर फिरून तिने बचावाची देखरेख केली, सरदारांना एकत्र ठेवले आणि दीर्घ वेढ्यानंतर शत्रूला माघार घ्यावी लागली. अहमदनगरच्या वेढ्याचे जे कौतुक आपण करतो, त्याची पूर्वतयारी विजापूरच्या या तटावर झाली होती. फक्त तेव्हा समोर मोगल नव्हते, निजामशाहीच होती.

पुढे दिलावरखान या हबशी सरदाराने विजापूरचा कारभार स्थिर केला. १५८४ च्या सुमारास इब्राहीमच्या बहिणीचा विवाह मुर्तजाच्या मुलाशी ठरला आणि वधूसोबत चांदबिबी अहमदनगरला आली. पुन्हा एकदा विवाहाच्या मार्गाने वैर शमवण्याचा तो प्रयत्न होता. इब्राहीम पुढे आदिलशाहीचा श्रेष्ठ आणि कलाप्रेमी सुलतान म्हणून प्रसिद्ध झाला.

६. निमंत्रण आणि वेढा

अहमदनगरात चांदबिबीने जे पाहिले, ते विजापूरपेक्षाही विदारक होते. १५८८ मध्ये मुर्तजाला त्याच्याच मुलाने ठार केले. पुढच्या वर्षी तो मुलगाही मारला गेला. १५८८ ते १५९५ या सात वर्षांत गादीवर एकामागून एक सुलतान आले आणि गेले. १५९१ मध्ये अकबराने दख्खनच्या चार दरबारांकडे वकील पाठवून मांडलिकत्व मान्य करण्यास सुचवले. केवळ खानदेशने ते मान्य केले. लहान राज्याला आसपासच्या बलवानांपेक्षा दूरचा अधिक बलवान आश्रयदाता बरा वाटला. तरीही निजामशाही व आदिलशाही यांच्यातील युद्ध थांबले नाही. १५९५ मध्ये तरुण इब्राहीम निजामशहा विजापूरच्याच सैन्याशी लढताना मारला गेला.

त्याच्या मृत्यूनंतर अहमदनगरात गादीसाठी एकाच वेळी चार नावे पुढे आली. दख्खनी पक्षाच्या मियान मंजूने एका मुलाला गादीवर बसवले. हबशी सरदारांच्या दोन गटांनी आपापले दोन दावेदार उभे केले. चांदबिबीने मारल्या गेलेल्या सुलतानाचा तान्हा मुलगा बहादूर याचा हक्क मांडला. प्रतिस्पर्धी भारी पडतात असे दिसताच मियान मंजूने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला मदतीस बोलावले. अकबराला दख्खनचे दार हवेच होते. ते आतून उघडले गेले. मुराद व खानखानान यांच्या फौजा डिसेंबर १५९५ मध्ये अहमदनगरपुढे येऊन ठेपल्या. त्यांच्यासोबत खानदेशचा सुलतान राजा अलीखान होता; मांडलिक म्हणून त्याला शेजाऱ्याविरुद्ध यावेच लागले. मियान मंजूला आता पश्चात्ताप झाला होता, पण तो फौज जमवण्यासाठी बाहेर पडला आणि किल्ला चांदबिबीच्या हाती राहिला.

तिने बहादूरला सुलतान म्हणून जाहीर केले, विजापूर व गोवळकोंड्याकडे मदतीची याचना केली आणि बचाव सुरू केला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांचा सुगावा लागताच आतून त्यांतील काही निकामी करण्यात आले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. रक्षक गोंधळले असताना चांदबिबी चिलखत घालून, बुरखा घेऊन, तलवारीसह तेथे आली. तिला पाहून सैनिक परतले. संध्याकाळपर्यंत मोगलांचे हल्ले परतवले गेले आणि रात्रीत खिंडार बुजवले गेले. तोफगोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची व सोन्याची नाणी तोफांत भरली, ही आख्यायिका आहे. ती लोकांच्या आदराची साक्ष देते.

विजापूरहून सुहेलखानाच्या नेतृत्वाखाली मदत निघाली होती. मोगल छावणीत धान्याची टंचाई होती आणि सेनानींत मतभेद होते. अशा स्थितीत १५९६ च्या प्रारंभी तह झाला. मोगलांनी बहादूरला सुलतान मानले. त्याच्या मोबदल्यात निजामशाहीने वऱ्हाड मोगलांना दिले. राजधानी वाचली, तिची किंमत म्हणून बावीस वर्षांपूर्वी गिळलेले लहान राज्य पुढे सरकवले गेले.

७. अखेर

तहानंतरही शांतता टिकली नाही. वऱ्हाडच्या सीमेवरून वाद पेटला आणि विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर यांच्या फौजा एकत्र आल्या. तालिकोटनंतर प्रथमच हे तिघे समान शत्रूपुढे उभे राहत होते. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठ परिसरात झालेल्या लढाईत सुहेलखानाचा पराभव झाला. त्याच लढाईत राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला. एकजूट झाली होती. परंतु फार उशिरा.

अहमदनगरात पुन्हा फूट पडली. कारभारी आभंगखान बालसुलतानाला आपल्या ताब्यात घेऊ पाहत होता. चांदबिबीने किल्ल्याचे दरवाजे त्याला बंद केले. १६०० मध्ये शाहजादा दानियाल आणि खानखानान यांनी किल्ल्याला दुसऱ्यांदा वेढा घातला. या वेळी बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती आणि आतील सरदारांवर विसंबता येत नव्हते. किल्ला सोपवावा आणि बालसुलतानाला सुखरूप घेऊन जुन्नरकडे जावे, असा विचार चांदबिबीने विश्वासू समजून जिताखानापुढे मांडला. जिताखानाने ती फितूर झाली अशी हाकाटी केली. चिडलेल्या जमावाने तिच्या महालात शिरून तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच काळात, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले.

तिचे हे मरण विचारपूर्वक समजून घ्या. पहिल्या वेढ्यात तिने लढून आणि नंतर तह करून राज्य वाचवले होते. दुसऱ्या वेढ्यातही तिने परिस्थितीचे माप अचूक घेतले होते. परंतु दोन पिढ्या शेजाऱ्याकडे केवळ शत्रू म्हणून आणि सहकाऱ्याकडे केवळ प्रतिस्पर्धी म्हणून पाहिलेल्या दरबारात वाटाघाट आणि फितुरी यांत भेद करण्याची बुद्धी उरली नव्हती. दोन्ही घराण्यांची असलेली स्त्री कोणत्याच गटाची नव्हती. म्हणूनच तिच्यावर संशय घेणे सोपे गेले.

८. समारोप

लहान राज्यांचा शेवट थोडक्यात पाहू. वऱ्हाड प्रथम निजामशाहीत आणि नंतर मोगलांकडे गेले. राजा अलीखानाच्या वारसाने अकबराला विरोध केला; जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड पडला आणि मांडलिक राहूनही खानदेश वाचले नाही. बिदर १६१९ मध्ये विजापूरने गिळले. तोवर मोठी राज्येही लहान होऊ लागली होती. मलिक अंबरने निजामशाही काही काळ सावरली. शहाजीराजांनीही अखेरचा प्रयत्न केला. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांनी निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. एकेकाळी वऱ्हाडची वाटणी करणारे राज्य स्वतःच वाटले गेले. पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, विजापूरही पडले.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे शाह डोंगरावर दिसणारी उंच वास्तू लोक चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात. वास्तविक ती मुर्तजाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. लोकस्मृतीने एका मंत्र्याची कबर राणीला देऊन टाकली. चुकीच्या वास्तूला दिलेले हे नावही चरित्राच्या अभ्यासकाला काही सांगते : ज्या राज्यांसाठी ती झगडली ती राज्ये नाहीशी झाली, त्यांच्या सीमा विस्मृतीत गेल्या, पण दोन्ही सीमा ओलांडून जगलेली स्त्री लोकांनी आपलीशी केली.

९. पारिभाषिक शब्द

आंदण : विवाहात वधूसोबत दिलेली मालमत्ता.
मांडलिक : मोठ्या सत्तेचे वर्चस्व मान्य करून राज्य करणारा राजा.
सुरुंग : तट पाडण्यासाठी त्याखाली खणून दारू भरलेला भुयारी मार्ग.
खोजा : अंतःपुरातील सेवेसाठी ठेवलेला षंढ केलेला सेवक.

१०. स्वाध्याय

१. सोलापूरचा किल्ला दोन वेळा आंदणाचा विषय झाला. या दोन प्रसंगांची तुलना करा.
२. जहांगीरखानाच्या वधाचा वऱ्हाडच्या पुढील धोरणावर कोणता परिणाम झाला असावा?
३. विजापूर आणि अहमदनगर येथील वेढ्यांत चांदबिबीने बजावलेल्या भूमिकेतील साम्य व भेद स्पष्ट करा.
४. आश्रय घेऊनही खानदेशचे स्वातंत्र्य टिकले नाही. या विधानाची चर्चा करा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या किल्ल्याविषयी किंवा गढीविषयी प्रचलित असलेली आख्यायिका मिळवा आणि तिच्यातील वस्तुस्थितीचा अंश शोधून दहा-बारा ओळींची नोंद लिहा.